पाणी पी, कांता

कांता, तू गेल्यापासून कंपनीत तुझ्याबद्दल वाईट बोलायला कुणी तयार नाही. कालपरवापर्यंत जी माणसं "लई आगाऊ बाई" म्हणून तोंड फिरवायची, ती आता तुझं नाव निघालं की डोळे पुसतात. तूच म्हणायचीस ना, मेल्या म्हशीला मणभर दूध. दुधाच्या कंपनीत बसून म्हणायचीस आणि वर स्वतःच खुदुखुदु हसायचीस. घे मग. मणभर काय, टँकरभर निघालंय आता तुझं दूध.

शोकसभा वरच्या हॉलमध्ये ठेवली होती. डिस्पॅचच्या पोरांनी तुझा हार घातलेला फोटो छातीशी धरून जिना चढवला. या कंपनीत तू इतकी वर्षं काढलीस, पण तो हॉल तू कधी बघितला नव्हतास. तर बघ, अशी गेलीस वर. मॅनेजर साहेब बोलले, "शिवकांताताई आपल्या परिवारातल्या होत्या." परिवार म्हणे! घरातल्या माणसाला मुतायला कुठं जाशील एवढं तरी विचारतात की नाही? मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते. मला बोलायला सांगितलं तर मी "मला जमायचं न्हाय" म्हणलं. जमलं नसतंच. तोंडातून फक्त शिव्या निघाल्या असत्या, आणि समोर तुझी आई बसली होती.

म्हणून आता तुझ्याशीच बोलते. तसंही तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस कधी गेला?

सकाळी जळकोटातनं आपण दोघी तुझ्या स्कुटीवर निघायचो. मागं साईडची चाकं जोडलेली ती लाल स्कुटी. तुझी कुबडी माझ्या मांडीवर आडवी. हायवेला मागून ट्रकवाले हॉर्न मारून कान फोडायचे आणि तू त्यांना हात करून पुढं काढायचीस, जशी काय ट्रॅफिकची साहेबच. "अक्का, नीट धरून बस. तू पडलीस तर मला उचलता यायचं न्हाय," हे रोजचं ठरलेलं. मी पण रोज म्हणायची, "तू नीट चालव, मग बघू कोण कुणाला उचलतंय." कंपनीत आलो की मी लॅबमध्ये आणि तू दूध उतरवायच्या धक्क्यावर, काचेच्या केबिनमध्ये. मी फॅट सांगायची, तू कॉम्प्युटरवर चढवायचीस. काचेतनं आपण एकमेकींना दिसायचो. एखादा डेअरीवाला दूध परत केलं म्हणून माझ्यावर ओरडायला लागला की तू आतनं काचेवर कुबडी आपटायचीस. तो दचकायचा, मला हसू यायचं.

माझा नवरा गेला तेव्हा मी घरात तोंड लपवून बसले होते. गावातल्या बायका येऊन रडून जायच्या, भावकी येऊन जमिनीचं बोलून जायची. तू आत आलीच नाहीस. दारात स्कुटी लावून हॉर्न वाजवत बसलीस. सासू कावली, "ही कोण गं बया, दुखवट्याच्या घरात हॉर्न वाजवती?" तरी तू थांबली नाहीस. शेवटी मी चिडून बाहेर आले तर म्हणालीस, "चल. दूध नासतंय." तेवढंच बोललीस. मी मागं बसले आणि त्या दिवसापासून पुन्हा कामाला लागले. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आता काय रडवतीस का?"

तू पाणी पीत नव्हतीस, ते मला पहिल्यांदा डब्याच्या वेळी कळलं. भाकरी-ठेचा खाऊन तू घोटभर पाणी तोंडात घेतलंस, खुळखुळवलंस आणि खिडकीबाहेर थुंकलंस. मी म्हणलं, "ही कसली तऱ्हा?" म्हणालीस, "तोंड ओलं झालं, बास झालं." उन्हाळ्यात कंपनी सगळ्यांना ताक देते. तुझा ग्लास तू माझ्याकडं सरकवायचीस. मला वाटायचं तुला ताक आवडत नसेल. नंतर एकदा तुझ्या घरी आले तर तू तांब्याभर ताक एका दमात संपवलंस, मिशी आली तरी पुसली नाहीस.

तुझी आई तेव्हा म्हणाली, "ही सांजच्याला घरी आली की आधी बाथरूमकडं पळती." पळती म्हणजे काय, कुबडी टेकत, भिंत धरत, ओठ दाबून. तुझ्या भावानं प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती संडासच्या भांड्यावर ठेवली होती. झालं, तुझ्या घरचा प्रश्न सुटला होता.

कंपनीत मात्र खालचं बायकांचं बाथरूम उंच ओट्यावर. वर जायला ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या आणि आत जमिनीतलं भांडं. लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरमधला तुझा पाय वाकत नाही, तर बाई उकिडवी बसणार कशी? कमोड होता, वर, साहेबांच्या केबिनशेजारी. बाहेरून पाहुणे येतात म्हणून बांधलेला. वर जायला अरुंद जिना, त्याला कठडासुद्धा नाही. तुझ्या भावासारखी खुर्ची आपण इथंही आणून ठेवली होती, आठवतंय? थोडे दिवस राहिली. मग पॅकिंगच्या बायका म्हणायला लागल्या, अडगळ होती, सारखी कोण सरकवणार. एक दिवस ती बॉयलरच्या मागं पडलेली मिळाली, पाय मोडून. त्याच आठवड्यात तू त्या पायऱ्यांवरून घसरलीस. कोपर फुटलं. त्यानंतर तू त्या बाथरूमकडं बघणंच सोडलंस आणि पाणीही सोडलंस.

मी रोज डोकं खायची. "पाणी पी, कांता." "पिते की गं घरी गेल्यावर." "अगं चाळीस-बेचाळीसचं ऊन हाय, करपशील." "करपू दे. करपलेलं दूध पण लोक पितात." मी सांगितलं, लॅबच्या मागं स्टोअररूम आहे, तिथं बादली ठेवू, मी दाराशी उभी राहते, कुणाच्या बापाला कळणार नाही. तर किती चिडलीस! "मी काय बाळंतीण हाय का बादलीवर बसायला? मी इथं कामाला येते अक्का. कामाला येणाऱ्या बाईला जे लागतं तेवढंच मागते."

आणि मागितलंस तरी काय? एक कमोड, खाली. जिन्याखालच्या कोपऱ्यात. सांडपाण्याची लाईन तिथनंच जाते, बाहेरून पायरी नाही, तुझ्या केबिनपासून जवळ. साहेब आधी म्हणाले बघू. मग म्हणाले तिथं उतार बसत नाही. मग पुण्याहून एक शिकवायला आलेले सर. त्यांनी सगळ्यांना गोल बसवून "अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं" असं शिकवलं. साहेबांना ते फार पटलं. दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र छापून आणलं आणि कुठं चिटकवलं? त्या ओट्यावरच्या बाथरूमच्या दारावर! दोन पायऱ्या वर, चाकाची खुर्ची. तू बघून इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी पाणी दिलं. तू चूळ भरून थुंकलीस.

खरी अडचण उताराची नव्हतीच. जिन्याखाली आपल्या कंपनीची देवी आहे. भवानीआईचा फोटो, मार्बलचा देव्हारा, नवरात्रात घट बसतो तो. त्या भिंतीला लागून संडास? साहेबांच्या आधी आपली माणसंच तापली. नागनाथ म्हणाला, "काय बोलता ताई, आईच्या पाठीला पाठ लावून?" डिस्पॅचचा मुकादम, दांडगा गडी, पण मनानं गरीब. गावच्या यात्रेत देवीच्या पालखीला पुढचा खांदा त्याचाच असतो. तू त्याला म्हणालीस, "नागनाथभाऊ, देवारा चार हात पलीकडं सरकवा की. मी नवरात्राचे नऊ दिवस उपास धरते. आई बाईमाणूस हाय, तिला कळतंय." देवी सरकवायची म्हणजे काय साधी गोष्ट आहे का, असं पुटपुटत सगळे पांगले. भटजीला विचारू म्हणाले. अजून विचारतायत.

मग आला तो डिसेंबरातला दिव्यांग दिन. पुण्याहून मोठ्या मॅडम येणार होत्या. आपण गेटातनं आत शिरलो तर झेंडूच्या माळा, फेटे बांधलेली पोरं, कोपऱ्यात संबळवाला. तू म्हणालीस, "कुणाचं लगीन हाय का काय?" जवळ गेलो तर ऑफिसची खुर्ची, तिला दोन बाजूंनी बांबू बांधलेले, वर कापडाचं छत, सगळीकडं फुलं. नागनाथ पुढं उभा, चेहऱ्यावर असा आनंद की त्याच्या पोरीचंच लग्न असावं.

साहेब म्हणाले, "ताई, आज तुम्हाला आम्ही मानानं वर नेणार. वर तुमचा सत्कार आहे."

"खालीच करा की सत्कार," तू म्हणालीस. "मी रोज खालीच असते."

लोक हसले. नागनाथ म्हणाला, "बसा हो कांताताई. आमी देवीची पालखी उचलतो, तुमचं काय वजन लागतंय? रोज उचलू म्हणलं तर रोज उचलू."

संबळ वाजायला लागला होता. कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणलं. तू कुबडी टेकून तशीच उभी. मला वाटलं आता बसशील, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. आणि तू सगळ्यांसमोर, त्या पुण्याच्या मॅडमसमोर, काय बोललीस? आवाज न चढवता बोललीस. "नागनाथभाऊ, देवीला पालखीतनं उतरून लघवीला जावं लागत न्हाय. मला लागतं. मला पालखी नको, मला खाली जागा द्या."

संबळवाल्याचा हात वरच्यावर थांबला. बायकांनी तोंडाला पदर लावले. नागनाथचं तोंड एवढंसं झालं. देवीचं नाव आणि लघवी एका वाक्यात! तू मागं वळून तुझ्या केबिनमध्ये जाऊन बसलीस आणि कॉम्प्युटर चालू केलास.

आता पालखी तर बांधलेली, फुलं लावलेली, मॅडम आलेल्या. कुणाला तरी बसवायला तर पाहिजे! मग त्यांनी पॅकिंगमधल्या बापूला धरलं. बापूला ऐकू येत नाही, पण पाय बैलासारखे धडधाकट. तो जिना तर रोज पळत चढतो. त्याला काय चाललंय तेच कळेना. बिचारा घाबरून दोन्ही बांबू धरून बसला आणि चौघांनी त्याला घामाघूम होऊन वर नेला. वर गेल्यावर तो उतरला, शाल घेतली आणि पळत खाली आला, मशीन बंद पडलं होतं म्हणून. संध्याकाळी स्कुटीवर त्याची आठवण काढून तू इतकी हसलीस की हायवेच्या कडेला गाडी थांबवावी लागली. हसता हसता रडलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला तर म्हणालीस, "काढ हात. गाडी चालवायची हाय."

आपलं भांडण तिथनंच सुरू झालं ते अजून मिटलं नाही. मी म्हणलं, "बसली असतीस तर काय झिजली असतीस? साहेबांचा मान राहिला असता, मग तोंड वर करून कमोड मागता आला असता." तू म्हणालीस, "एकदा उचलून नेलं की त्यांच्या लेखी काम संपलं, अक्का. मग रोज उचलतील. मला लागली म्हणून मी चार पुरुषांना हाका मारू? या रे, मला वर न्या, मी आत जाते, तुम्ही दारात थांबा?" तुझं बरोबर होतं. तरी मला तुझा राग आहे. तत्त्वाला चिकटून बसलीस, कांता. जरा वाकली असतीस, जरा लबाडी केली असतीस, त्या बादलीवर डोळे मिटून बसली असतीस, तर आज असतीस. हे तुझ्या तोंडावर म्हणाले असते तर तू कुबडी हाणली असतीस. हाण की. ये आणि हाण.

त्या दिवसानंतर लोक तुझ्याशी तुटक वागायला लागले. माज चढलाय म्हणायचे. देवीचा मान लाथाडला, आता बघा. चहाचा कप तुझ्या केबिनपर्यंत येईना. तुझं पाणी अजून कमी झालं. ताप यायला लागला. कमरेत कळा. आधी मूतखडा म्हणाले. सोलापूरला डॉक्टरनं विचारलं, "पाणी कमी पिता का?" तू माझ्याकडं बघून डोळा मारलास. चिठ्ठीवर त्यानं लिहिलं, पाणी भरपूर प्या. तू म्हणालीस, "अक्का, ही चिठ्ठी साहेबांना दे. म्हणावं, औषध तुमच्याकडं हाय." मी दिली. साहेब म्हणाले, "अरेरे. सुट्टी घ्या म्हणावं ताईंना." सुट्टी घेऊन तू घरी बसलीस, जरा बरी झालीस, परत आलीस, परत तेच. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. घरी बसून पगार मिळत नव्हता आणि कामावर येऊन पाणी मिळत नव्हतं.

शेवटी किडनीतलं विष रक्तात गेलं म्हणाले. मी डॉक्टरला विचारलं, कशानं? तो भला माणूस, म्हणाला, कारणं बरीच असतात, नक्की एक सांगता येत नाही. त्याला सांगता येत नसेल. मला येतं.

शेवटी शेवटी तुला पाणी बेतानं द्यायला सांगितलं होतं, अंगावर सूज चढली होती. तू मागत होतीस. आयुष्यभर मी मागं लागले आणि तू नको म्हणालीस, आणि तेव्हा तू मागत होतीस आणि मी चमच्यानं ओठ ओले करत होते. "एवढंच?" म्हणालीस. तुझं शेवटचं बोलणं तेच. लोक शेवटी देवाचं नाव घेतात. तू "एवढंच?" म्हणून गेलीस.

पुढचं सांगू का नको, असं झालंय. पण तुला माहीत असायला पाहिजे. तुमच्यात माणूस गेलं की आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. भावानं खुर्ची आणली, तिला बांबू बांधले, झेंडूनं सजवली. कंपनीची सगळी पोरं आली होती. कॅलिपर आईनं आधीच काढून ठेवलं होतं. तुला बसवलं आणि पुढचा खांदा कुणी दिला? नागनाथनं. तो हमसून हमसून रडत होता. "ताई, एकदा तरी उचलायचं होतं, असं नव्हतं उचलायचं," म्हणत होता. त्याचं रडणं खोटं नव्हतं गं. तेच तर जास्त लागतं. खोटं असतं तर मला थुंकता आलं असतं. जीव लावला त्यांनी तुला. फक्त तू काय मागत होतीस ते कुणी ऐकलं नाही. मी पाठीमागून चालत होते आणि मनात म्हणत होते, शेवटी नेलंच तुला पालखीतनं.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण साहेबांना काहीतरी करायचं होतं. तुझं दिवसकार्य झालं आणि कंपनीत पाणपोई आली. थंड पाण्याचं मोठं स्टीलचं मशीन, वर पितळी पाटी: "कै. शिवकांता यांच्या स्मरणार्थ." उन्हाळ्यात पाणपोई घालण्याएवढं पुण्य नाही म्हणतात. कुठं बसवली? जिन्याखाली, देवीशेजारी. त्याच कोपऱ्यात. सांडलेलं पाणी जायला पाइप पाहिजे ना, तो तिथल्याच लाईनला जोडला. उतार बसला! एका सकाळीत बसला. देव्हारा पण हातभर सरकवला, भटजीला न विचारता. पाण्याच्या कामाला देवी सरकते. मी प्लंबरकडं बघत उभी राहिले आणि मला काय वाटलं सांगू? यांनी तुझ्या नावानंच तुझी जागा अडवली. आता तिथं कुणी कमोड मागणार नाही. मागायची सोयच राहिली नाही, बाईची आठवण उखडून संडास बांधणार का?

उद्घाटनाला तुझ्या आईला बोलावलं होतं. पहिला ग्लास त्यांच्या हातात दिला. त्या दोन्ही हातांनी धरून प्याल्या, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत. टाळ्या वाजल्या. मी ओठ दाबून उभी राहिले. त्या माऊलीसमोर तमाशा करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीवर नवी बाई आली. सुरेखा. माझ्या माहेरकडची, लोहाऱ्याची. इथं मामाकडं राहते, पदरात एक लेकरू आहे. दोन्ही काखेत कुबड्या. दिव्यांग कोट्यातली जागा दिव्यांगालाच दिली म्हणून साहेब खूश. पोरांनी कौतुकानं तिला तुझ्या पाणपोईचा ग्लास भरून दिला, "घ्या ताई, थंडगार हाय." बाहेर आग पडत होती. तिनं ग्लास तोंडाजवळ नेला, मग खाली घेतला आणि माझ्याकडं सरकून हळूच विचारलं, "ताई, इथं बाथरूम कुठं हाय?"

मी ओटा दाखवला. मग जिना दाखवला. तिनं दोन्हीकडं बघितलं. बोट ओलं करून ओठांवर फिरवलं आणि ग्लास भरलेला तसाच मशीनवर ठेवला. कांता, कुणी शिकवलं तिला हे? तू तर तिला भेटलीही नव्हतीस.

माझं डोकंच फिरलं. मी मशीनच्या मागं गेले, कॉक बंद केला, त्याची मूठ पान्यानं काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. घाबरू नकोस, डिस्पॅचच्या मागं जुना नळ चालू आहे, कुणी तहानेनं मरत नाही. फक्त तुझ्या नावाचं पाणी बंद केलं. नागनाथ पळत आला, "मंगलताई, काय करताय? पाणी तोडणं पाप असतंय." साहेब वरून खाली आले. माझ्यासाठी जिना उतरले. म्हणाले, "पाणपोई बंद करतात का कुठं? मेलेल्या माणसाच्या आत्म्याला काय वाटेल? पाप लागेल तुम्हाला."

मी म्हणलं, "लागू दे. तुम्ही तिचं तोडलं, मी तुमचं तोडलं. कोपरा रिकामा करा, कमोड बसवा, मूठ परत देते."

नागनाथ बराच वेळ त्या देव्हाऱ्याकडं बघत उभा राहिला. मग निघून गेला. साहेब म्हणाले, उद्या केबिनला या, लेखी उत्तर लागेल. बहुतेक घरी बसवतील. बसवू देत. पण मूठ द्यायची नाही.

मला भीती होती ती तुझ्या आईची. साहेबांनी संध्याकाळीच त्यांना फोन करून सांगितलं होतं, तुमच्या लेकीची पाणपोई मंगलताईनं बंद पाडली म्हणून. मी चोरासारखी तुमच्या दारात गेले. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, सुरेखाचंही सांगितलं, ग्लास भरलेला परत ठेवला ते सांगितलं. म्हणलं, "मावशी, तुम्ही म्हणाल तर आत्ता जाऊन चालू करते."

त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "गेलेल्याच्या नावानं दुसऱ्याला पाणी पाजलं की ते त्याला पोचतंय म्हणतात. म्हणून तर त्या दिवशी म्या पिले, माझी लेक तहानेली गेली म्हणून. पर ती पोरगी तिच्याच खुर्चीवर बसून तहानेली राहती, तर माझ्या कांताला कुठनं पोचणार गं? बंदच ठेव."